जास्तीची दोन पावलं

पावलं: घर. फरशी.

“परवा ऑपरेशन आहे तिचं, आणि तुम्हाला तिला जिना चढवायचाय?”

मुलगा दारात आडवा उभा होता. एका हातात आईच्या तपासण्यांची फाईल, दुसरा हात चौकटीवर. बाहेरच्या मुलीच्या गळ्यात हे एवढे मोठे हेडफोन होते. रस्त्यातून येताना काढून ठेवायचं तिच्या लक्षातच आलं नसावं.

“अख्खा जिना नाही हो. एक लाकडी पेटी आहे. तिच्यावर जागच्या जागी बारा पावलं, बस.”

“आणि तोल गेला तर? सूज आली तर? आठ महिन्यांनी तारीख मिळालीय. ही हुकली की पुन्हा रांगेत शेवटी.”

“मी धरीन ना त्यांना.”

“तुम्ही धरणार! फुंकर मारली तर उडाल तुम्ही.”

“चौदा,” आतून आवाज आला.

मुलानं मागं वळून बघितलं.

“बारा नाही. चौदा पावलं आहेत तिथं. कागद नीट वाच, पोरी.”

आणि मग ती बाहेर आली. टक्. सर्र. टक्. सर्र. उजवी टाच फरशीवर नेमकी पडायची. डावा पाय लहानपणी भिंतीवरून उडी मारताना मोडला होता आणि वाकडाच सांधला गेला होता. तो मागून घसटत यायचा, जेवणाला उशिरा पोचलेल्या पाहुण्यासारखा. हेडफोनवालीनं डोळे मिटून घेतले. घरची बाई समोरून येत असताना पाहुणीनं डोळे मिटणं बरं दिसत नाही, पण तिला राहवेना. एक जुना सिनेमा दुरुस्त करता करता हा आवाज ती गेले तीन महिने रोज दहा-दहा तास ऐकत होती. फक्त दुसऱ्या रिळात तो नव्हता.

“ह्या त्याच,” ती म्हणाली.

“त्याच म्हणजे? आमची आई आहे ती,” मुलगा म्हणाला.

“सरक रे,” ताई म्हणाली. “आत येऊ दे तिला. चहा टाक.”

घरातही तिला ताईच म्हणत. स्टुडिओत सगळे म्हणायचे, तिच्या दुप्पट वयाचेसुद्धा, तेच नाव कामावरून घरी आलं आणि राहिलं.

हेडफोनवालीनं छातीशी धरलेला कागद टेबलावर पसरला. पिवळा पडलेला, कडा कुरतडलेल्या. तिरक्या अक्षरात लिहिलं होतं:

रीळ २, दृश्य ९.
आजीबाई जिना चढते. लाकूड. पायऱ्या १२. — ताई
वर थांबते. किल्लीच्या भोकातून आत बघते. — शांतता
पाठीमागचा पडदा हलतो. — कापड, मी
१३, १४. — ताई. चूक. राहू दे.

“मास्तरांचं अक्षर,” ताई म्हणाली आणि ‘राहू दे’वरून हळूच बोट फिरवलं. “आहेत का?”

“आहेत. त्यांनीच तुमचा पत्ता दिला. पण आता त्यांना ऐकू येत नाही. अजिबातच.”

“आवाजाचा माणूस आणि बहिरा,” ताई म्हणाली. तिनं हसायला सुरुवात केली होती, ती मध्येच थांबली.


पावलं: जुना स्टुडिओ. लाकूड. एकेचाळीस वर्षांपूर्वी.

तो सिनेमा कोणी पाहिला नसेल असं घर सापडणं कठीण. एका भाड्याच्या इमारतीत घरमालकाचा खून होतो. न्हाव्याच्या खुर्चीत, अर्धी मिशी उतरवलेल्या अवस्थेत तो सापडतो. इन्स्पेक्टर आला की शिंकत सुटतो, कारण त्याला साबणाचा वास सोसत नाही. आणि तळमजल्यावरची निवृत्त टपाल-कारकून आजीबाई, जिनं आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं न उघडता ओळखली, ती एकेका भाडेकरूकडे साखर मागायला जाते आणि खुनी शोधून काढते. साखर तिच्याकडे पोतंभर असते, हे शेवटी कळतं.

आजीबाईचं काम करणारी नटी होती चौतिशीची. पांढरा टोप, सुरकुत्या, चष्मा, सगळं बेतशीर. पण चालायला लागली की हरणीसारखी. दिग्दर्शकानं तिच्या बुटात खडे घातले, तेव्हा ती चक्क उड्या मारायला लागली. शेवटी ठरलं, चेहरा तिचा घ्यायचा, पाय चौकटीबाहेर ठेवायचे, आणि म्हातारपण आवाजात आणायचं.

ते आणायचं मास्तरांनी. दारं, कपबश्या, पाऊस, भांडण, सगळ्याचे आवाज ते एकटे काढत. आठवडाभर ते बायकी चपला घालून पेटीवर चालत राहिले आणि दर वेळी हमाल चालल्यासारखं वाटत राहिलं. आठव्या दिवशी सकाळी ते डोकं धरून बसले होते आणि बाहेरच्या जिन्यावरून बादली घेऊन कोणीतरी वर येत होतं. टक्. सर्र. टक्. सर्र.

मास्तर धावत बाहेर आले. झाडू-पोछा करणारी ताई घाबरून भिंतीला टेकली.

“तुम्ही लंगडता?”

“थोडंसं. पण कामात कुचराई नाही साहेब, विचारा कोणालाही—”

“कुणाला दाखवलंत का? डॉक्टरला?”

“नाही.”

“नका दाखवू,” मास्तर म्हणाले. मग स्वतःच ओशाळले. “म्हणजे, हा सिनेमा संपेपर्यंत.”

ताईनं तोवर सिनेमे पाहिले होते, पण एवढ्या जवळून नव्हे. पडद्यावर आजीबाई चालली की तिनं चालायचं, थांबली की थांबायचं. तिला ते इतकं जमलं की मास्तर कागदावर पुढं ‘ताई, ताई, ताई’ असं लिहीत गेले. मग आला जिना. आजीबाई बारा पायऱ्या चढून मेलेल्या घरमालकाच्या खोलीशी थांबते. वाकून किल्लीच्या भोकातून बघते. मागचा पडदा हलतो आणि त्यातून पितळी दिवा धरलेला एक हात हळूहळू वर उठतो.

ताईला कोणी गोष्ट सांगितलीच नव्हती. समोर एक म्हातारी बाई वाकलेली, मागे हात उगारलेला. ती विसरली की आपण पेटीवर आहोत. ती निघाली. दोन पावलं गेली. टक्. सर्र. आणि त्याच क्षणी पडद्यावरची आजीबाई गर्रकन वळली.

ताई मटकन खाली बसली. “चुकलं साहेब. पुन्हा करते.”

मास्तर यंत्राकडे गेले. त्यांनी तो तुकडा पुन्हा लावला. पुन्हा लावला. मग दिग्दर्शकाला बोलावलं.

झालं होतं असं, की त्या शॉटमध्ये आजीबाई का वळते याचा कोणालाच पत्ता नव्हता. शूटिंगच्या दिवशी नटीच्या मानेवर माशी बसली म्हणून ती वळली होती. तेवढा एकच तुकडा होता आणि सेट मोडून टाकलेला. खुनी मागे आहे हे तिला कळलं कसं, गोष्टीतल्या या एका भोकापायी दिग्दर्शकाची झोप उडाली होती. आता कळलं कसं ते कळत होतं. तिला मागून खुन्याची पावलं ऐकू आली होती.

“पण ही लंगडी पावलं आहेत,” दिग्दर्शक म्हणाला. “आणि खुनी दातांचा डॉक्टर आहे. तो धडधाकट आहे.”

“तुम्ही त्याला लंगडा करा,” मास्तर म्हणाले. “बोलण्यात.”

शेवटच्या प्रसंगात डॉक्टर कॅमेऱ्याकडे पाठ करून उभा होता, म्हणून त्याच्या तोंडी घालता आलं की त्या दिवशी जिन्यावर आपला पाय मुरगळला. आजीबाईच्या तोंडापुढे चहाचा कप होता, म्हणून तिलाही एक वाक्य मिळालं. कपामागून ती म्हणते, “माझ्यासारखं चालणारं या घरात दुसरं कोण, एवढंच शोधायचं होतं मला.”

लोक त्या वाक्याला अजून टाळ्या देतात. लेखकाला त्यासाठी हार घातले गेले. त्यानं ते घालून घेतले.


पावलं: रस्ता. दगड. रोजची.

त्यानंतर बावीस वर्षं ताई सकाळी स्टुडिओ झाडायची आणि दुपारी चालायची. सावत्र आया, भुतं, पेन्शनीतले कर्नल, एकदा तर घायाळ बिबळ्या. खडबडीत वाळूच्या पेटीवर, फरशीच्या तुकड्यावर, गवत म्हणून पसरलेल्या जुन्या फितींच्या भेंडोळ्यावर.

घरी या पायाचा उपयोग उलटाच झाला. पोरांना ती कधी पकडूच शकली नाही. ती गल्लीच्या कोपऱ्यावर आली की घरात पुस्तकं उघडायची. जगातल्या सगळ्यात हुशार म्हातारीचे पाय हिचे, आणि साखरेच्या डब्यातला चोर हिला जन्मात सापडला नाही.

नवरा बसच्या कारखान्यात होता. तो तिच्या आधी घरी यायचा. कोपऱ्यावर टक्-सर्र ऐकू आलं की, “आली महाराणी,” म्हणायचा आणि चहाचं आधण ठेवायचा. ती दारात पोचायची आणि पाणी उकळायचं. इतकं नेमकं, की एकदा ती कोपऱ्यावर शेजारणीशी बोलत थांबली तर चहा कडू झाला.

“थांबायचं होतं तर पाय तरी वाजवायचा नाहीस,” तो म्हणाला.

तो जाऊन नऊ वर्षं झाली.


पावलं: तोच स्टुडिओ. तेच लाकूड. मंगळवार.

पेटी तीच होती. वरची फळी बदललेली, बाकी तीच. ताईनं चपलेनं तिला हळूच टोचून पाहिलं, ओळखीच्या म्हशीला डिवचावं तसं.

मुलगा भिंतीशी घड्याळ बघत उभा होता. हेडफोनवाली काचेपलीकडे. आणि पेटीपासून हातभर अंतरावर, खुर्चीत, स्वेटर घातलेले मास्तर. केवढेसे झाले होते. ताईनं वाकून नमस्कार केला, तसे त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे न बघता आधी पायाकडे बघितलं.

“दाखवलात डॉक्टरला?” ते फार मोठ्यानं म्हणाले. बहिरी माणसं बोलतात तसं.

“आत्ता,” ताईनं बोटांनी खूण केली. परवा. गुडघा कापणार. नवा घालणार.

“सिनेमा संपेपर्यंत थांबा म्हटलं होतं मी. तुम्ही एकेचाळीस वर्षं थांबलात!”

हॉस्पिटलातल्या डॉक्टरनंही तिला विचारलं होतं, एवढी वर्षं सहन का केलंत म्हणून. ती म्हणाली होती, “सहन कुठं केलं? नोकरीला लावलं होतं त्याला.”

हेडफोनवालीनं समजावून सांगितलं. बोलणं एका फितीवर होतं, ती वाचली. पावलं, दारं, कपबश्या दुसऱ्या फितीवर होत्या, आणि दुसऱ्या रिळापुरती ती बुरशीनं खाल्ली. बाकीच्या रिळांतली पावलं कापून इथं चिकटवून पाहिली, पण तिथं कुठंच जिना नाही. ताईला हे सगळं कळलं. तिला एवढंच विचारायचं होतं, “ती आजीबाई मला आत्ता मोठी दिसणार का, पडद्यावर, पूर्वीसारखी?”

दिवे गेले. पडद्यावर जिना आला. पांढऱ्या केसांची पाठमोरी म्हातारी जिन्याशी थांबली.

टक्. सर्र.

पहिल्या पायरीला गुडघ्यातून कळ गेली ती दातांपर्यंत. दुसरीला ती विसरली. पाय जुन्या सवयीनं म्हातारीच्या खांद्याकडे बघत चालत होते. खांदा उचलला की टाच, खांदा पडला की सर्र. बारा झाल्या.

काचेपलीकडे हेडफोनवालीनं दोन्ही अंगठे वर केले. “एका दमात! आजी, आता ती दोन.”

टेक एक. “जरा जोरात झाली.”

टेक दोन. “उशीर झाला.”

टेक तीन. “बरोबर आहे, पण...” हेडफोनवाली अडखळली. “कसं सांगू. कोणीतरी सांगितलं म्हणून चालल्यासारखं वाटतंय.”

“सांगितलंयच ना तू,” ताई म्हणाली. “आणि मला आता माहितीये खून कोणी केला. तेव्हा कुठं ठाऊक होतं?”

टेक चार. टेक पाच. गुडघा चपातीच्या गोळ्यासारखा फुगायला लागला होता. मुलानं पुढं येऊन त्यावर हात ठेवला.

“आई, बास. गरम लागतोय. सूज दिसली तर डॉक्टर परत पाठवतील.”

“आपण ती दोन गाळू या,” हेडफोनवाली हळूच म्हणाली. “कोणाला एवढं...”

“मग ती मागं कशाला वळेल?” ताई म्हणाली. “माशी बसली म्हणून?”

मुलानं आईकडे बघितलं. लहानपणापासून हा सिनेमा लागला की तो जिन्याच्या प्रसंगाला मित्रांना गप्प करायचा आणि म्हणायचा, आता ऐका, आमची आई येतेय. त्यानं हात काढून घेतला. “एकदाच. शेवटचं.”

ताई पेटीवर उभी राहिली. पडदा उजळला. म्हातारी वाकली. मागचा पडदा हलला. हात वर जायला लागला. ताईला काहीच वाटेना. तिला त्या हाताच्या बाहीचं बटणसुद्धा पाठ होतं.

शेजारी मास्तरांना ऐकू येत नव्हतं. म्हणून ते खुर्चीतून पुढं झुकले होते, पेटीच्या फळीवर तळवा ठेवायला. लाकडातून तरी कळेल म्हणून. हात पोचेना, तसे ते आणखी झुकले. खुर्चीचे मागचे पाय उचलले गेले.

ताईला ते डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं.

टक्. सर्र.

तिनं स्वेटरची कॉलर धरली. खुर्ची तशीच अधांतरी राहिली. मुलगा ओरडणार होता, पण काचेपलीकडून एक हात वर झाला: कोणी बोलायचं नाही. पडद्यावर आजीबाई गर्रकन वळली.

 मास्तरांचा तळवा फळीवर सपाट टेकलेला होता.

“तेरा,” ते म्हणाले. “चौदा.”

मग मान वर करून, काचेकडे बघून, मोठ्यानं: “चूक. राहू दे!”

हेडफोनवाली आतल्या आत उड्या मारत होती, आवाज न करता, काचेत कोंडलेल्या पाखरासारखी.

मुलानं मास्तरांना नीट बसवलं. ताईनं त्यांच्या समोर उकिडवं बसायचा प्रयत्न केला, जमलं नाही, मग पेटीवरच बसली.

“मास्तर, मुद्दाम पडत होतात का?”

“काय?” मास्तर म्हणाले. “ऐकू येत नाही मला.”

“तुमचे उपकार फार आहेत माझ्यावर,” ताई म्हणाली. हे तिला केव्हाचं म्हणायचं होतं आणि ते ऐकू येत असेपर्यंत कधी जमलं नव्हतं. “मी भिंतीला टेकले होते. मला वाटलं, कामावरून काढताय.”

मास्तरांनी तिच्या ओठांकडे बघितलं. काय कळलं कोण जाणे. त्यांनी दोन्ही हात जोडले आणि ते तिच्या गुडघ्याच्या दिशेनं किंचित वाकवले.


पावलं: हॉस्पिटल. गुळगुळीत.

रात्रभर मुलानं बर्फ लावला, आणि सुजेनं दया केली. तारीख टळली नाही.

सातव्या दिवशी चालायला शिकवणारी बाई आली. “टाच, मग बोटं. घसटायचं नाही हं, आजी. उचला. शाबास!”

टक्. टक्.

ताई थांबली. मागं वळून बघितलं.

“काय झालं?”

“काही नाही. कोणी आलं की काय वाटलं.”


पावलं: घर. फरशी. तीन महिन्यांनी.

स्वयंपाकघरात नात स्टुलावर चढून साखरेचा डबा उघडत होती. चमचा तोंडात जायला आणि खांद्यावर हात पडायला एकच गाठ पडली. नातीनं किंकाळी फोडली. चमचा खाली पडला.

“पकडलं!” ताई म्हणाली. अडुसष्टाव्या वर्षी, पहिल्यांदाच. तिला एवढा आनंद झाला की तिनं शिक्षा म्हणून आणखी एक चमचा साखर दिली.

“आजी, पण तू आलीस कधी?” नात साखर चघळत म्हणाली. “ऐकूच नाही आलीस तू.”

संध्याकाळी मुलगाही तेच म्हणाला. दार उघडंच होतं, तो पेपर वाचत होता, आणि मान वर केली तर आई समोर. “अगं, आवाज तरी द्यायचा!”

“देईन,” ताई म्हणाली.

त्यानंतर दोन-चार दिवस ती कोपऱ्यावर आली की उगाच खाकरायची. मग सोडून दिलं.


पावलं: थिएटर. गालिचा.

नवा केलेला सिनेमा लागला त्या दुपारी हेडफोनवालीनं त्यांना मधल्या वाटेच्या कडेची जागा दिली होती. “इथंच बसायचं आजी. पाठीमागंही स्पीकर आहेत आता.” मास्तर पलीकडच्या खुर्चीत, खुर्चीच्या हातावर तळवा टेकवून. पुढच्या रांगेत कोणीतरी इन्स्पेक्टरची शिंक यायच्या आधीच हसत होतं.

जिना आला.

पडद्यावर म्हातारी अजून आलीच नव्हती, नुसता रिकामा जिना, आणि पावलं पडद्यातून न येता मागून आली. दाराकडून, लांबून. टक्. सर्र. टक्. सर्र.

आजवर हा आवाज समोरून यायचा, आणि तिच्या स्वतःच्या पायातही असायचाच, त्यामुळे तिनं तो असा वेगळा कधी ऐकला नव्हता. ती कायम त्याच्या आत होती. बाहेरून, दुरून, आपल्याकडे येताना तो ऐकणं हे काम घरातल्या दुसऱ्या माणसाचं होतं. रोज संध्याकाळी. इतका संथ. इतका दमलेला, आणि तरी येतच राहणारा. कोपऱ्यापासून दारापर्यंत पाण्याला उकळी फुटायला लागते तेवढाच वेळ.

“आली,” शेजारी मुलगा कुजबुजला.

अंधारात पावलं तिच्या खुर्चीच्या अगदी जवळून जायला लागली. ताईनं पाय आत ओढून घेतले, जाणाऱ्या बाईला वाट द्यावी तसे. गुडघा मुकाट वाकला.